मोरी कुणी धुतली?

हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला तो २०१८ सालच्या जुलै महिन्यातल्या एका दुपारी. विचारणारे हवालदार वयस्क होते, सौम्य होते, आणि आत येताना त्यांनी बूट दाराबाहेर काढले होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण त्या प्रश्नाने पुढे आमच्या घरात जे काही केले त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. त्यांच्या हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद होते, मध्ये कार्बन होता. न्हाणीघराच्या उंबऱ्यात उभे राहून त्यांनी आत पाहिले. फरशी ओली होती, लख्ख होती, आणि वासाने डोळे झोंबत होते. त्याच फरशीवर त्या पहाटे आत्या पडल्या होत्या.

आत्या म्हणजे आमच्यापैकी एकाची सख्खी आत्या, दुसरीची आतेसासू. वय ७८. लवकर वैधव्य आल्यावर त्या माहेरी परतल्या आणि गेली तेवीस वर्षे आमच्याच घरात होत्या. रोज पहाटे साडेचारला उठून, दिवा न लावता, अंदाजाने न्हाणीघरात जाण्याची त्यांची सवय. त्या दिवशी पाय घसरला आणि डोके मोरीच्या कडाप्प्याच्या काठावर आपटले. आवाजाने आम्ही धावलो. रिक्षा मिळाली, रस्ता रिकामा होता, तरी रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. अशा मृत्यूत शवविच्छेदन चुकत नाही. त्या कागदपत्रांत आम्हा दोघांची सकाळ गेली. घरी मागे राहिली होती आई.

आईविषयी एक खुलासा करायला हवा. ती आमच्यापैकी एकाची जन्मदात्री आणि दुसरीची सासू. एक तिला 'अगं' म्हणतो, दुसरी 'अहो'. इथे लिहिताना 'ती' म्हणायला दुसरीची हरकत नाही. आत्या आईच्या नणंद, म्हणजे आई त्यांची भावजय. ती त्यांना शेवटपर्यंत 'वन्सं' म्हणत असे.

आम्ही अकराच्या सुमारास परतलो तेव्हा जिन्यापर्यंत वास येत होता. शेजारच्या वहिनींच्या मदतीने आईने न्हाणीघर धुतले होते. आधी साध्या पाण्याने, मग ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने, आणि समाधान झाले नाही म्हणून वरून बाथरूमचे अॅसिड ओतून. अॅसिड पडताच धूर निघाला, दोघींना ठसका लागला आणि त्या बाहेर पळाल्या. तो क्लोरिन वायू होता आणि बंद जागेत त्याने दोघींचे बरेवाईट होऊ शकले असते, हे आम्हांला नंतर समजले. त्या वेळी आम्ही फक्त खिडक्या उघडल्या.

"मोरी कुणी धुतली?" हवालदारांनी विचारले.

"मी," आई म्हणाली. "मग काय, तसंच ठेवायचं होतं? माणसं यायची होती घरात."

हवालदारांनी मान हलवली. त्यांना ते पटले असावे. पण पंचनाम्यात एक वाक्य उतरले: घटनास्थळ पाण्याने व पावडरीने धुऊन काढलेले दिसून आले. वाक्य खरे होते. व्याकरणदृष्ट्याही निर्दोष होते. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. वाक्याचा कर्ता गाळला की वाक्य किती संशयास्पद होते, हे कर्मणी प्रयोग शिकवताना आम्ही वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या दिवशी ते स्वतःच्या घराविषयी वाचले.

तेराव्या दिवशी आत्यांच्या सासरचे पुतणे आले होते. यंत्रमागाच्या एका जुन्या गाळ्यात आत्यांचा हिस्सा होता, त्यामुळे त्यांचे येणे केवळ दुःखाचे नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पंगत उठल्यावर, विडा हातात असताना, ते सहज म्हणावे तसे म्हणाले, "इतक्या घाईनं धुवायची काय गरज होती, काकू?" आई काही बोलली नाही. ती आत गेली आणि भांडी घासू लागली, भांडी घासायला बाई लावलेली असताना.

मराठीत नणंद-भावजयीच्या नात्यावर पिढ्यान्‌पिढ्यांनी इतके काही रचून ठेवले आहे की या नात्यातल्या एकीने दुसरीचे रक्त पुसले म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात पुढची गोष्ट आपोआप तयार होते. त्यात आपली भाषाही साथ देते. 'सारवासारव' हा शब्द घ्या. शेणाने जमीन सारवणे हे घरातले रोजचे, शुद्धतेचे काम. त्याचेच द्विरुक्त रूप झाले की अर्थ होतो लपवाछपवी. पांघरूण घालणे म्हणजे माया करणे आणि गुन्हा झाकणेही. बोळा फिरवणे, पाणी फिरवणे, हात धुणे, सगळीकडे तेच. स्वच्छता करणाऱ्या हाताविषयी भाषेला एवढा संशय का असावा, हा प्रश्न आम्हांला त्याआधी कधी पडला नव्हता. आम्ही 'सारवासारव' हा शब्द फळ्यावर लिहून त्याची फोड करून दिली होती आणि मुले हसली होती.

त्या दिवसांत आई रात्री जागी असायची. एकदा तिने विचारले, "आता येऊन तपासलं तर कळेल का रे, काय झालं होतं ते? ते साळुंखे काढतात तसं?" साळुंखे म्हणजे 'सीआयडी' मालिकेतले प्रयोगशाळेचे डॉक्टर. १९९८ पासून आमच्या घरात ती मालिका पाहिली जात होती, आत्या आणि आई शेजारी शेजारी बसून पाहत. आईची कल्पना अशी होती की शास्त्राचे कुणीतरी माणूस येईल, फरशीवर काही शिंपडील, आणि फरशी सांगेल की हिचा काही दोष नाही.

तिच्या या प्रश्नामुळे आम्ही रक्ताच्या चाचण्यांविषयी वाचू लागलो. आमचा विषय नव्हता. पण आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक सर आहेत, त्यांनी आमची शंका ऐकून घेतली आणि म्हणाले, "वाचून कळणार नाही तुम्हांला. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत या."

शनिवारी त्यांनी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे थोडे रक्त आणले होते. फुटक्या टाइल्सचे तुकडे होते, सुती कापडाचे चौकोन होते, ब्लीचिंग पावडर होती, एक मुळा होता. मुळा पाहून आम्ही हसलो. सरही हसले आणि म्हणाले, थांबा.

फिनॉल्फ्थॅलिन प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते. आम्लारीच्या अनुमापनात वापरतात ते हेच. ते आम्लारीत गुलाबी होते, पण जस्ताच्या भुकटीबरोबर उकळले की त्याचे क्षपण होऊन रंगहीन रूप तयार होते. रक्ताच्या संशयित डागावर या रंगहीन द्रावणाचा थेंब टाकायचा, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला हीम हा लोहयुक्त घटक पेरॉक्साइडच्या साह्याने त्या द्रावणाचे ऑक्सिडीकरण घडवतो आणि गुलाबी रंग उमटतो. याला कॅसल-मायर चाचणी म्हणतात, ती विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची. सरांनी साध्या पाण्याने धुतलेल्या टाइलवर कापसाची ओली काडी फिरवली. टाइल आम्हांला स्वच्छ दिसत होती. दोन थेंबांनंतर काडीचे टोक क्षणात गुलाबी झाले. आमच्यापैकी एकीला तिथे खुर्चीवर बसावे लागले.

मग मुळा. किसलेल्या मुळ्याच्या रसावर तेच दोन थेंब. जरा उशिराने, पण तोही गुलाबी झाला. मुळ्यात पेरॉक्सिडेज नावाचे विकर असते, ते हीमसारखेच काम करते; उकळलेल्या मुळ्यातले विकर मरते, म्हणून तो रंग देत नाही. तांब्याचे क्षारही ही चाचणी फसवतात. म्हणजे हिरवे कळकलेले तांब्याचे भांडे ज्या कट्ट्यावर चिंचेने घासले जाते, त्या कट्ट्यावरही ती फसू शकते. सर म्हणाले, ही चाचणी रक्ताला ओळखत नाही, रक्ताच्या एका सवयीला ओळखते, आणि ती सवय इतरांनाही असते. म्हणून तिला प्राथमिक चाचणी म्हणायचे. शेरलॉक होम्स पहिल्यांदा आपल्यापुढे येतो तो १८८७ सालच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीत, आणि पहिल्याच भेटीत तो आनंदाने ओरडत असतो की केवळ हिमोग्लोबिनलाच दाद देणारे रसायन आपल्याला सापडले. असे रसायन तेव्हा नव्हते, आणि जागेवर टाकायच्या थेंबांत ते अजूनही नाही.

आता ब्लीचिंग पावडर. रक्ताचा स्पर्शही न झालेल्या टाइलवर सरांनी पावडरीचे ओले बोट फिरवले. त्यावर रंगहीन द्रावणाचा थेंब पडला आणि पेरॉक्साइड टाकण्याच्या आधीच गुलाबी छटा आली. पावडरीतले हायपोक्लोराइट स्वतःच ऑक्सिडीकरण करते, त्याला मध्यस्थ लागत नाही. जाणत्या तपासनिसासाठी खूण हीच: दुसऱ्या थेंबाची वाट न पाहता रंग आला तर थांबावे, हे रक्त नसू शकते. घाई करणारा तपासनीस मात्र इथे फसतो.

ल्युमिनॉलचा प्रयोग आम्ही पुढच्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात पाहिला. एका वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावले होते. ल्युमिनॉल फवारले की हीमच्या सान्निध्यात निळसर उजेड पडतो, अर्धा मिनिट वगैरे टिकतो, आणि विझतो. १९३७ साली वाल्टर श्पेश्ट या जर्मन संशोधकाने घटनास्थळावरचे रक्त शोधायला त्याचा उपयोग सुचवला. लाखात एक भाग इतके पातळ झालेले रक्तही ते दाखवते. सरांच्या विद्यार्थ्यांनी एक मोठी टाइल रक्ताने माखून ओल्या फडक्याने पुसली होती. दिवसा तिच्यावर काहीच नव्हते. अंधारात तिच्यावर अर्धवर्तुळे उजळली, एकात एक, फडके फिरवताना मनगट जसे वळते तशी. रक्त कुठे पडले होते ते त्या उजेडात कळत नव्हते. कुणीतरी पुसले होते, एवढे स्पष्ट कळत होते. शेजारी ब्लीचने धुतलेली, रक्त कधीच न लागलेली टाइल होती. तीही उजळली, अधिक झळाळून, सगळीकडे सारखी, आणि झटकन विझली. अनुभवी डोळ्याला हा फरक कळतो, आणि धुतल्यानंतर काही दिवस वाट पाहिली तर वाळलेल्या ब्लीचचा प्रभाव उतरत जातो, हेही सरांनी सांगितले. गर्दीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही बाहेर आलो आणि व्हरांड्यात बराच वेळ उभे राहिलो.

एक गोष्ट शनिवारच्या प्रयोगातली राहिली. सक्रिय ऑक्सिजनची म्हणून विकली जाणारी डागनाशक पावडर असते, तिच्यात सोडियम परकार्बोनेट असते आणि पाण्यात गेल्यावर ते हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. सरांनी रक्ताळलेले सुती कापड तिच्या द्रावणात दोन तास बुडवून ठेवले होते. वाळल्यावर त्यावर फिकट तपकिरी छाप आम्हांला दिसत होती, पण चाचणीला रंग आला नाही. चाचणीत जी प्रक्रिया व्हायची, ती बादलीतच होऊन गेली होती, आणि त्यात हीम स्वतः मोडून गेले होते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली हे दाखवून दिले आणि न्यायवैद्यकाच्या जगात बरीच चिंता पसरली. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी सांगितले की अशा धुतलेल्या कापडावरून डीएनए मात्र मिळू शकतो. म्हणजे ब्लीच नसलेले रक्त दाखवते आणि ऑक्सिजनची पावडर असलेले रक्त लपवते, असा हा उलटा न्याय.

भिवंडीत राहणाऱ्याला ही रसायने परकी नाहीत. मागावरून उतरलेले कापड पांढरे नसते. ग्रे म्हणतात त्याला, आणि ते असते पिवळसर, कचकचीत, खळीने ताठ. ते प्रक्रियेच्या कारखान्यात हायपोक्लोराइटच्या किंवा पेरॉक्साइडच्या हौदातून निघाले की शुभ्र होते. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील त्या हौदांवर काम करतात. पावसाळ्यात पालिकेची माणसे नाल्यांच्या काठाने पांढऱ्या पावडरीच्या रेघा मारत जातात. या गावात खरोखरच एखाद्या मोरीत ल्युमिनॉल फवारले तर काय काय उजळेल, सांगणे कठीण आहे.

पण डाग काढण्याचे खरे शास्त्र बायकांकडे असते, आणि हे आमच्यातल्या दुसरीने या लेखात लिहायलाच हवे असे ठरवले होते. रक्ताचा डाग गरम पाण्याने धुऊ नये, थंड पाण्यानेच धुवावा, हे तिला बाराव्या वर्षी सांगण्यात आले, दार लोटून, हलक्या आवाजात. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो, हे कारण तिला या शनिवारी, वयाच्या चाळिशीत, प्रयोगशाळेत कळले. मीठ लावून ठेवावे, साबण नंतर, वाळत घालायचे ते दुसऱ्या कपड्याखाली. घरातल्या प्रत्येक बाईने आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षे दर महिन्याला रक्त धुतलेले असते आणि त्याचा मागमूस उरणार नाही याची काळजी घेतलेली असते. मुलाचा गुडघा फुटला की धुवायचे, बाळंतिणीचे धुवायचे, सुरीने बोट कापले तर आधी ओटा पुसायचा आणि मग बोट बांधायचे. अशा बाईला मोरीत नणंदेचे रक्त दिसते आणि ती फडके हातात घेते, तेव्हा ती काही ठरवून करत असते काय? आईला विचारले तर ती म्हणते, "वन्संना तसं बघवलं नसतं कुणी पाहिलेलं." त्यांना स्वच्छतेचा अतोनात सोस होता, ही गोष्ट खरी. त्या असत्या तर त्यांनीच आधी बादली मागितली असती.

कायदा हे अंतर ओळखतो, याचे आम्हांला बरे वाटले. पुरावा नाहीसा करण्याचा गुन्हा भारतीय दंड संहितेत कलम २०१ खाली होता. जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ मध्ये आहे. गुन्हा घडला आहे हे ठाऊक असणे किंवा तसे मानायला कारण असणे, आणि गुन्हेगाराला वाचवण्याचा हेतू असणे, या दोन्ही गोष्टी त्यात लागतात. नुसते धुणे पुरत नाही. मुंबईतले २००८ सालचे नीरज ग्रोव्हर प्रकरण अनेकांना आठवत असेल. मालाडच्या सदनिकेत खून, मृतदेह मनोरच्या जंगलात नेऊन जाळलेला. २०११ च्या १ जुलैला शिक्षा झाल्या त्या अशा: नौदलातल्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षे, आणि ज्या अभिनेत्रीच्या घरात हे घडले तिला पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन वर्षे. खुनाचा आरोप तिच्यावर टिकला नाही, नाहीसे करण्याचा टिकला. त्या निकालावर तेव्हा फार गदारोळ झाला होता, आणि आम्हीही प्राध्यापकांच्या खोलीत बसून तावातावाने बोललो होतो की पुसणारा हात मारणाऱ्या हाताइतकाच दोषी असतो. हे वाक्य आमच्यापैकी नक्की कुणाचे होते, त्यावर आता आमचा वाद आहे. २०२२ साली वसईच्या एका मुलीचा दिल्लीत झालेला खून उघडकीस आला, तेव्हा स्वच्छतेची रसायने, टाइल्सच्या फटींत सापडलेले रक्ताचे अंश, असे सारे तपशील कित्येक दिवस वर्तमानपत्रांत येत होते. त्या आठवड्यांत आईने वर्तमानपत्र हातात घेतले नाही.

आपल्या देशातल्या रक्तपरीक्षेचा इतिहास वाचताना एक बाब ध्यानात आली. मद्रासला १८४९ साली, कलकत्त्याला १८५३ साली आणि मुंबईला १८७० साली सरकारी रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या. रक्त माणसाचे की जनावराचे हे ओळखण्याची खात्रीची रीत जर्मनीत पाउल उलेनहूट याने १९०१ साली शोधली, आणि १९१० साली कलकत्त्यात सरकारी रक्तजलतज्ज्ञाचे कार्यालय थाटले गेले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात सतत एक संशय असे, की नेटिव माणूस शत्रूला गुंतवायला कपड्यांना बकऱ्याचे रक्त लावून आणतो. म्हणजे या विद्येचे आपल्याकडचे एक आरंभकार्य रक्त लपवणाऱ्याला पकडण्याचे नव्हते, खोटे रक्त दाखवणाऱ्याला पकडण्याचे होते. आज महाराष्ट्रातले नमुने कलिन्याच्या आणि इतर ठिकाणच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत जातात, आणि खटल्यांच्या निकालपत्रांत 'सी. ए. रिपोर्ट'चा उल्लेख वाचताना वारंवार भेटणारे वाक्य असे, की रक्त मानवी आहे, गट निश्चित करता आला नाही. पुढचे सारे माणसांनी सांगायचे असते.

आमच्या आईच्या बाबतीतही तेच झाले. प्रयोगशाळेतून घरी येताना, कल्याण नाक्यावर रिक्षा कोंडीत अडकली असताना, आम्ही हिशेब मांडला. समजा कलिन्याहून पथक आले असते. त्यांना मोरीत रक्त सापडले असते किंवा ब्लीचने गोंधळ केला असता. सापडले असते तर काय कळले असते? की आत्यांचे रक्त मोरीत सांडले होते. ते आम्ही पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्या घसरून पडल्या की कुणी लोटले, हे रक्ताच्या असण्यावरून ठरत नाही. ठरलेच तर ते थेंब कुठे उडाले, किती लांब, कोणत्या दिशेने, ओघळ कुठून कुठे गेला, यांवरून ठरते. आणि नेमके तेवढेच पाण्याने जाते. हीम मागे उरते, मांडणी उरत नाही. जी गोष्ट आईला निर्दोष ठरवू शकली असती, ती आईनेच स्वतःच्या हाताने धुऊन टाकली होती. हे तिला कसे सांगायचे?

सांगितले नाही, असे आधी ठरवले आणि मग सांगितले, कारण ती विचारतच राहिली. स्वयंपाकघरात, भाजी निवडताना. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे फक्त रक्त होतं एवढंच कळणार? ते तर मी पाहिलंय." आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

शवविच्छेदनाच्या अहवालात डोक्याच्या मागील बाजूची एकच जखम होती, घसरून कठीण काठावर पडल्याने होणाऱ्या जखमेशी जुळणारी. दंडांवर, मनगटांवर ओढाताणीच्या खुणा नव्हत्या. पोलिसांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खालचे ते अकस्मात मृत्यूचे प्रकरण काही महिन्यांनी बंद केले. फरशीने जे सांगितले नाही ते शेवटी आत्यांच्या देहाने सांगितले. आम्ही त्या अहवालाची प्रत पुतण्यांना पाठवली. त्यांनी ती मिळाल्याचे कळवले नाही. गाळ्याचा हिस्सा आम्ही त्यांच्या नावे करून दिला. शहाणपणा होता की नाही कोण जाणे; आमच्यातल्या एकाला अजून वाटते की त्यामुळेच त्यांचा संशय पक्का झाला असेल. त्यानंतर त्या घरातल्या एका लग्नाची पत्रिका आली, तीवर आईचे नाव नव्हते.

आईला पोलिसांची भीती वाटते ती त्या दिवसापासूनची नव्हे. १९७० आणि १९८४ चे दोन्ही मे महिने तिने या गावात काढले आहेत, दुसऱ्यात आमच्यापैकी एक तिच्या कडेवर होता. १९७० च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन आयोगाने इथल्या तपासावर किती कठोर ताशेरे ओढले, ते तिने वाचलेले नाही. आम्ही वाचले आहे. पण निरपराध माणसाचे नाव कागदावर एकदा चढले की उतरत नाही, एवढे ती तेव्हा आजूबाजूला पाहून शिकली होती. पंचनाम्यावर सही करताना तिचा हात थरथरला. हवालदारांनी तो थरथरताना पाहिला की नाही, याचा आम्ही नंतर कित्येक रात्री विचार केला.

गेल्या वर्षी न्हाणीघर नवे करायचे ठरले. उंचवट्याची मोरी काढून टाकायची, घसरणार नाही अशी खडबडीत फरशी घालायची, भिंतीला धरायला दांडी लावायची. आईचे वय आता आत्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे. गवंड्याने पहार घालून कडाप्प्याचा काठ उचलला. खालच्या सिमेंटच्या फटीत तपकिरी काळसर रेघ होती, बोटभर लांब. साबणाचा मळ असेल, जुन्या नळाचा गंज असेल. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. प्रयोगशाळेत ती बाटली अजून असणार, सर नाही म्हणाले नसते, आणि एका कापसाच्या काडीचे काम होते.

आई मागे येऊन उभी राहिली होती. तिने रेघ पाहिली आणि आम्हांलाही पाहिले.

"काय बघत बसलात? त्याचं काम खोळंबलंय," ती म्हणाली, आणि गवंड्याला चहा घेणार का म्हणून विचारून आत गेली. गवंड्याने रेघेसकट ते सिमेंट घमेल्यात भरले आणि राबिट घेऊन जाणाऱ्या टेम्पोसाठी खाली नेऊन ठेवले.